मोटरबोट इंजिन : धोकासूचना व बंद पडणे

करमणुकीच्या मोटरबोटीत वाजणारा भोंगा किंवा पेटणारा दिवा, तसेच इंजिन अचानक बंद पडणे यांच्या कारणांचा शोध. भोंगा आधी वाजला की इंजिन आधी थांबले, या क्रमावरून निम्मे निदान होते. भोंगा मुख्यतः उष्णता व वंगणदाब यांच्या संवेदकांना जोडलेला असतो. इंधन तुटल्याची वर्दी तो सहसा देत नाही. उलट, इंजिन थांबल्यावर किल्ली चालू स्थितीत राहिली, तर तेलाचा दाब शून्यावर आल्याने काही इंजिनांत भोंगा वाजू लागतो. तो परिणाम असतो, कारण नव्हे. किल्ली फिरवताच येणारा क्षणिक आवाज ही केवळ स्वयंचाचणी होय.

बोटीच्या मागच्या फळीवर बसवायच्या सुट्या (आउटबोर्ड) इंजिनाचे जनकत्व वादग्रस्त आहे. फ्रेंच संशोधक ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सीन नदीवर विजेवर चालणारे, काढता-घालता येणारे यंत्र चालवले. अमेरिकेत १८९६ च्या सुमारास पेट्रोलवरील अशी इंजिने बनली; कॅमरन वॉटरमन यांचे इंजिन १९०५ च्या आसपासचे, तर ओल एव्हिनरूड यांचे १९०९ चे. लोकप्रिय लेखनात श्रेय एव्हिनरूड यांना मिळते, परंतु ते व्यापारी यशाचे आहे. ‘सुटे असणे’ हाच निकष धरल्यास त्रूव्हे यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

उष्णतेचा भोंगा : आउटबोर्ड इंजिन बाहेरचेच पाणी खेचून थंड होते. ते खेचणारा रबरी इम्पेलर (पात्यांचे चक्र) खालच्या भागात, गेअरपेटीच्या वर असतो. इंजिनाच्या मागून पडणारी बारीक धार पाहावी. धार नसेल तर पाण्याच्या जाळीवर पाणवेल वा प्लॅस्टिक अडकले असावे, इम्पेलर झिजला असावा, किंवा निव्वळ धारेचे भोक गाळाने बुजले असावे (तारेने मोकळे करून पाहतात). धार ठीक असून भोंगा वाजत असेल, तर थर्मोस्टॅटचा (तापमानानुसार थंड पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचा) संशय घ्यावा; तो साधारणतः ५० ते ६० अंश से.ला उघडतो. इम्पेलरचे पाते तुटलेले आढळल्यास तुकडा शोधून काढणे आवश्यक, कारण तो पुढच्या वाहिनीत अडकून नव्या इम्पेलरसह तीच तक्रार पुन्हा येते. भोंगा वाजताच इंजिन बंद करावे की मंद गतीवर ठेवावे, याबाबत दोन मते आहेत. धार चालू असेल तर मंद गती बरी, कारण इंजिन थांबताच पाणीही थांबते. धार नसल्यास तत्काळ बंद करावे.

वंगणदाबाच्या भोंग्याला मात्र दुसरे मत नाही: इंजिन लगेच बंद. नंतर ते सरळ उभ्या स्थितीत आणून तेलमापक पट्टीवर तेल पाहतात. पातळी वाढलेली व तेलाला पेट्रोलचा वास, तर तेल पातळ झालेले असते.

भोंग्याविना बंद पडणे : सर्वप्रथम सुरक्षा-दोरीची (चालकाला बांधलेली, ओढली गेल्यास इंजिन थांबवणारी दोरी) क्लिप निसटली आहे का ते पाहावे. मग इंधननळीवरील रबरी फुगा (हाताने दाबून इंधन पुढे ढकलणारा) हाताळावा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला असतो. बहुधा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलेला असतो. कितीही दाबून फुगा घट्ट होत नसेल, तर टाकी रिकामी आहे, नळीत हवा शिरते आहे किंवा फुग्याची झडप गेली आहे. फुगा दाबत राहिल्यास इंजिन चालते व सोडल्यास मरते, असे होत असेल तर इंधनपंप तपासावा. पेट्रोलमधील इथेनॉल पाणी शोषते. मर्यादा ओलांडली की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि इंधन खेचणारी नळीही तळाशीच असते. फिल्टरमधील पेट्रोल काचेच्या बरणीत काही मिनिटे ठेवल्यास हा थर दिसतो. गेअर टाकतानाच इंजिन मरत असेल, तर बोट ढकलणाऱ्या पाण्यातील पंख्यात (प्रोपेलर) दोरी गुंतलेली असते किंवा मंद गती फार कमी लावलेली असते.

नाशिकजवळ गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या जलाशयात बोटी चालतात. गोड्या पाण्यामुळे क्षारांचा त्रास नाही. पण पावसाळ्यातील गढूळ पाणी इम्पेलर घासून काढते, आणि उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर काठाजवळ चिखल खेचला जातो. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलने कार्बोरेटरचे (हवा व इंधन मिसळणारा भाग) जेट, म्हणजे इंधनाची बारीक भोके, बुजतात, म्हणून हंगामापूर्वी टाकी रिकामी करून ताजे इंधन भरावे. सु. ६०० मी. उंचीमुळे शक्ती थोडी घटते, परंतु त्यापायी इंजिन बंद पडत नाही. जेट बदलण्याचा सल्ला येथे अनाठायी आहे.

कोणतीही तपासणी नांगर टाकून आणि जीवरक्षक जाकीट घालूनच करावी, विशेषतः वारा बोटीला धरणाच्या सांडव्याकडे ढकलत असताना. बंदिस्त इंजिनाच्या बोटीत पुन्हा सुरू करण्यापूर्वी हवा काढणारा पंखा किमान ४ मिनिटे चालवतात. जलाशय शहराच्या पिण्याच्या पाण्याचा असल्याने फिल्टरमधून काढलेले पेट्रोल डब्यात साठवून किनाऱ्यावर आणावे.