कैलास मानसरोवरचा सरकारी फॉर्म भरताय? सोलापूरकरांनो, आधी रस्ता बघा मग कागदं गोळा करा

एप्रिल जवळ आला की कैलास मानसरोवरचा फॉर्म कसा भरायचा म्हणून विचारणा सुरू होते, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न पैसे किती लागतात आणि दुसरा नंबर लागायला कुणाची ओळख लागते का. ओळख लागत नाही, ड्रॉ कॉम्प्युटरवर निघतो. पण माझं म्हणणं असंय की या दोन्ही प्रश्नांच्या आधी त्या रस्त्याची माहिती घ्या, कारण फॉर्ममधली जवळपास प्रत्येक अट त्या रस्त्यामुळंच आलेली आहे, वयाची, वजनाची, ते बाँडपेपर, ते हेलिकॉप्टरचं हमीपत्र, सगळं. कुठला कागद कशासाठी मागतात ते कळलं की फॉर्म भरताना माणूस चुकत नाही.

ही यात्रा आपलं परराष्ट्र मंत्रालय काढतं, जून ते ऑगस्टमधे. कोविडमुळं २०२० पासून बंद होती ती २०२५ ला परत सुरू झाली. दोन मार्ग आहेत, उत्तराखंडातून लिपुलेख खिंडीतून आणि सिक्कीममधून नथू ला मार्गे. २०२५ ला लिपुलेखच्या ५ बॅच आणि नथू ला च्या १० बॅच होत्या, एका बॅचला ५० जण, म्हणजे एकूण ७५० जागा, आणि अर्ज आले होते साडेपाच हजाराच्या वर. काठमांडूकडून खाजगी टूरवाले नेतात तो प्रकार पूर्ण वेगळा, त्याचा या फॉर्मशी काही संबंध नाही. आणि सरकारी यात्रेला एजंट नसतो हे पण लिहून ठेवा, "आमच्याकडं कोटा आहे" असं कुणी म्हणलं तर पैसे देऊ नका.

आता रस्ता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आणि मानसरोवर साधारण ४,५९० मीटरवर, म्हणजे दहापट. आणि सरोवर हा सगळ्यात उंच टप्पा नाहीच. लिपुलेख खिंड पाच हजार मीटरच्या वर आहे, आणि कैलासाच्या परिक्रमेत डोल्मा ला नावाची खिंड लागते ती ५,६०० मीटरच्या पुढं. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे एका श्वासाला इथल्यापेक्षा निम्मा ऑक्सिजन. इथं तुम्ही कितीही दणकट असा, तिथं दहा पावलं टाकली की थांबावं लागतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

परिक्रमा साधारण ५२ किलोमीटर, तीन दिवसांची. पहिल्या दिवशी यमद्वारापासून डेरापुकपर्यंत नदीकाठानं वाट आहे, चढ फारसा नाही पण वारा अंगावर येतो. दुसरा दिवस खरा. अंधारात निघायचं, डोल्मा ला चढायची आणि पलीकडं झुथुलपुकला उतरायचं, वीसेक किलोमीटरची चाल. चढावर छाती फुलते आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात, कारण उतार एकदम खडा आहे आणि वाट म्हणजे सुटे दगड, पाय ठेवला की दगड हलतो. खिंडीच्या अगदी खाली गौरीकुंड दिसतं, सुरवातीच्या बॅचवाल्यांना ते बऱ्याचदा गोठलेलं दिसतं आणि खिंडीत बर्फही लागतो. तो पायाखाली दबून टणक झालेला असला की साधा बूट घसरतो, चांगल्या ग्रिपचा घोट्याच्या वरपर्यंत येणारा बूट आणि काठी पाहिजेच. जुलै ऑगस्टच्या बॅचना खिंडीतला बर्फ कमी लागतो पण तेव्हा इकडं उत्तराखंडात कुमाऊंच्या बाजूला पाऊस आणि दरडी. धारचुलाकडून लिपुलेखपर्यंतच्या रस्त्याचं २०२० ला उद्घाटन झालं, त्यामुळं पूर्वीची कित्येक दिवसांची पायपीट आता गाडीनं होते, पण दरड पडली की गाडी पण थांबते. ऑगस्ट १९९८ ला याच मार्गावर मालपा इथं डोंगर कोसळला तेव्हा यात्रेकरूंची अख्खी तुकडी त्यात सापडली होती. हे घाबरवायला सांगत नाही, पण पुढं ज्या तीन कागदांवर सह्या करायच्यात त्यांच्यामागं हे आहे.

आपल्याकडं एक समज फार घट्ट आहे, की आम्ही दरवर्षी वारी चालतो, माळशिरस वेळापूरवरून पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत जातो, मग कैलास काय अवघड. वारीनं पाय तयार होतात हे शंभर टक्के खरंय, चालायची सवय नसलेल्या माणसापेक्षा वारकरी केव्हाही पुढं. पण वारी सपाटीवर आहे, तिथं श्वास पुरतो. उंचीवर पायाच्या आधी फुप्फुस आणि रक्तदाब बघितला जातो. आणि आषाढी आणि यात्रेच्या बॅचा साधारण एकाच काळात येतात, त्यामुळं त्या वर्षी वारी का कैलास हे घरात आधीच ठरवा, फॉर्म भरून झाल्यावर नाही.

कोण अर्ज करू शकतं

भारतीय नागरिक पाहिजे. नातेवाईक परदेशात स्थायिक होऊन तिकडचा पासपोर्ट घेतलेला असेल तर चालत नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी नाही. वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला १८ पूर्ण आणि ७० च्या वर नाही. तारीख १ जानेवारीची धरतात हे लक्षात ठेवा, यात्रेच्या दिवशीचं वय बघत नाहीत.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, २५ किंवा त्याच्या आत. इथंच आपले लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून गणित करूनच दाखवतो. उंची मीटरमधे घ्या, तिला तिनंच गुणा आणि त्या आकड्यानं किलोतल्या वजनाला भागा. समजा उंची ५ फूट ५ इंच म्हणजे १.६५ मीटर, १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२. वजन ७२ किलो असेल तर बीएमआय येतो २६.४, म्हणजे बसत नाही. या उंचीला ६८ किलोच्या आसपास वजन पाहिजे. १.५८ मीटरच्या बाईंना ६२ किलोपर्यंत चालतं. चार किलो काय, होतील कमी, असं म्हणून लोक फॉर्म भरतात आणि मग मे महिन्यात उपास सुरू करतात, त्यानं वजन उतरतं पण अंगातली ताकद पण जाते. जानेवारीपासून सुरवात करा.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, फिट येणं यातलं काही असेल तर अर्ज करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोला. मनापासून सांगतो, लपवू नका. गोळी घेऊन इथं बीपी नॉर्मल दाखवता येईल, पण डोल्मा ला वर बिघडलं तर जवळ हॉस्पिटल नाही, आणि तुमच्यामुळं बॅचमधल्या बाकीच्यांची पण परिक्रमा अडकते.

पासपोर्ट

पासपोर्टशिवाय फॉर्म भरताच येत नाही, आणि तो त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला निदान सहा महिने व्हॅलिड पाहिजे. म्हणजे पुढच्या वर्षीच्या मार्चच्या आत संपत असेल तर आधी रिन्यू करा. सोलापूरच्या हेड पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जायची गरज नाही, ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यायची, ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. मग पोलीस व्हेरिफिकेशन होतं. हे सगळं दिवाळीनंतर लगेच उरकून घ्या, कारण यात्रेच्या फॉर्मची मुदत फार छोटी असते, २०२५ ला एप्रिलच्या शेवटी पोर्टल उघडलं आणि १३ मे ला बंद झालं. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर फॉर्ममधे अगदी पासपोर्टवर आहे तसंच टाका. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि पासपोर्टवर नुसतं अक्षर असं बऱ्याच जणांचं असतं, इथं पासपोर्टच प्रमाण.

फॉर्म

के एम वाय डॉट जीओव्ही डॉट इन ही सरकारी साइट. तिथं अकाउंट काढायचं, मग अर्ज. स्कॅन करून ठेवायचं ते एवढंच, पासपोर्टचं फोटोचं पहिलं पान, पत्त्याचं शेवटचं पान आणि तुमचा पासपोर्ट साइज फोटो. मोबाईलवर तिरका काढलेला फोटो टाकू नका, पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि खालच्या दोन ओळी वाचता आल्या पाहिजेत.

एका अकाउंटवरून दोघांचा अर्ज भरता येतो. नवराबायको किंवा आई आणि मुलगा असं एकत्र जायचं असेल तर हेच करा, वेगवेगळे भरले तर एकाचा नंबर लागतो आणि दुसऱ्याचा राहतो. मार्गाचा पसंतीक्रम विचारतात, दोन्ही मार्ग देऊ शकता किंवा एकच. माझं मत विचाराल तर तब्येत ठणठणीत असेल तर दोन्ही द्या, पण नथू ला चा खर्च परवडत नसेल तर नुसतं नशीब वाढवायला तो टाकू नका, कारण २०२५ ला लिपुलेखचा अंदाजे खर्च १ लाख ७४ हजार होता आणि नथू ला चा २ लाख ८३ हजार. नथू ला ला बराचसा प्रवास गाडीनं होतो पण कैलासाची परिक्रमा दोन्ही मार्गांना तीच, तिथं सुटका नाही.

आणखी एक, मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका. नेट कॅफेवाल्याचा किंवा सेवा केंद्राचा ईमेल टाकलेला असतो, नंबर लागल्याचा मेल त्यांच्याकडं जातो आणि पैसे भरायची मुदत निघून जाते. ड्रॉ नंतर दिलेल्या तारखेच्या आत पैसे भरून कन्फर्म केलं नाही तर नाव जातं आणि वेटिंगमधला माणूस वर येतो. पैसे लिपुलेखवाल्यांचे कुमाऊं मंडल विकास निगमला आणि नथू ला वाल्यांचे सिक्कीमच्या पर्यटन महामंडळाला, मंत्रालयाच्या सूचनेत दिलेल्या खात्यावरच. ही कन्फर्मेशनची रक्कम परत मिळत नाही, मेडिकलमधे नापास झालात तरी नाही. म्हणून नंबर लागल्याच्या दिवशीच सोलापुरात ईसीजी, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती), छातीचा एक्सरे, शुगर, हिमोग्लोबिन एवढं करून घ्या आणि डॉक्टर हो म्हणले तरच पैसे भरा. दिल्लीत साधारण याच तपासण्या होतात.

बरोबर न्यायचे कागद

मूळ पासपोर्ट, सहा पासपोर्ट फोटो, आणि ते तीन कागद. एक नोटरी केलेला इन्डेम्निटी बाँड, म्हणजे काही झालं तर जबाबदारी माझी. दुसरं हमीपत्र, तातडीनं हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं तर त्याला संमती. तिसरा कागद बघून घरचे दचकतात, चीनच्या हद्दीत मृत्यू झाला तर तिथंच अंत्यसंस्कार करायला संमती. या तिन्ही कागदांचे नमुने साइटवर असतात, तेच प्रिंट काढायचे, स्वतःच्या मनानं मजकूर टाईप करायचा नाही. बाँडच्या स्टँपची रक्कम नमुन्यात बघा, आणि आपल्याकडं ऑक्टोबर २०२४ पासून साध्या कामाचं मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० झालंय तेही धरून चाला, कोर्टाजवळ नोटरीकडं गेलात की तो नमुना दाखवून विचारा. तिसऱ्या कागदावर सही करण्याआधी घरात बसून बोला. मुलांना तो कागद तुमच्या बॅगेत अचानक सापडायला नको.

चीनचा व्हिसा तुम्हाला काढायचा नाही, तो अख्ख्या बॅचचा एकत्र निघतो आणि बॅचबरोबर सरकारचा लायझन ऑफिसर, म्हणजे समन्वय बघणारा अधिकारी असतो.

दिल्ली आणि पुढं

दिल्लीला बॅचच्या दिलेल्या तारखेला हजर व्हायचं. सोलापूरवरून कर्नाटक एक्सप्रेस थेट नवी दिल्लीला जाते, पण एक दिवस आधी पोचा, थकलेल्या अंगानं ट्रेडमिलवर उभं राहू नका. दिल्लीत हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूटमधे तपासण्या होतात आणि आयटीबीपीच्या (भारत तिबेट सीमा पोलीस दलाच्या) हॉस्पिटलमधे डॉक्टर रिपोर्ट बघून फिट का अनफिट ठरवतात. उंचीवर गेल्यावर परत एकदा मेडिकल, लिपुलेखवाल्यांचं गुंजीला आणि नथू ला वाल्यांचं शेराथांगला. दिल्लीत पास झालेला माणूस तिथं बीपी वाढलं म्हणून थांबू शकतो, आणि त्या डॉक्टरांशी वाद घालायचा नसतो.

तयारीला आपल्याकडं डोंगर नाही हे खरं, पण जिने आहेत. एप्रिल मे मधे पारा त्रेचाळीसला जातो, म्हणून पहाटे पाचला सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारा आणि आठवड्यातून तीन दिवस पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन चार मजले वर खाली, उतरताना सावकाश, कारण गुडघ्याची परीक्षा उतारावर आहे. नवा बूट किमान दोन महिने वापरून मऊ करा. शेंगा चटणी न्या, उंचीवर भूक मरते तेव्हा भाताबरोबर तेवढीच जाते, पण डाएटच्या नावाखाली जेवण सोडू नका आणि पाणी पीत राहा.

पोर्टर आणि घोडा लागणार असेल तर तिकडं सुरवातीलाच सांगावं लागतं, मधेच डेरापुकला दम लागला म्हणून मिळेलच असं नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी घोडा आधीच घ्यावा, पण खिंडीच्या पलीकडचा खडा उतार घोडा घेतला तरी पायीच उतरावा लागतो. आणि परतीचं रेल्वे तिकीट काढताना बॅच परत यायच्या तारखेला चिकटून काढू नका, दरडीमुळं दोन तीन दिवस सहज मागंपुढं होतात, त्या हिशोबानं ऑफिसात रजा पण थोडी जास्तच टाका.