पार्श्वभूमी : बार, बारा आणि निगम

इंदुरात गल्लीच्या तोंडाशी नवा बार येतोय असं कळलं की रहवासी आधी पार्षदाचं दार वाजवतात. (इथे नगरसेवकाला पार्षद म्हणतात आणि महापालिकेला निगम, मराठी घरांतही.) पार्षद निवेदन घेतो, मोर्चात चार पावलं चालतो आणि कागद पुढे ढकलतो. दुसरं तो करणार काय? परवाना देणं, नाकारणं, वेळ ठरवणं, यातलं काहीच निगमाच्या हातात नाही. ८५ वॉर्डांच्या सभागृहाने एकमुखाने ठराव केला तरी तो विनंतीअर्जच ठरतो.

निगमाकडे आहे ते आजूबाजूचं. नकाशा मंजूर आहे का, राहत्या जागेत धंदा चालतोय का, गच्चीवर पत्रे ठोकलेत का, आग विझवायची सोय आहे का. म्हणून निगमाने एखाद्या पबची गच्ची पाडली की वर्तमानपत्रात ‘पबवर कारवाई’ छापून येतं, आणि दारूचा परवाना तसाच शाबूत असू शकतो.

ही विभागणी जुनी आहे. इंदूरची नगरपालिका १८७० ची, पण आबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा, पैसा होळकर दरबारचा. त्यातही सगळं इंदूर दरबारचं नव्हतं. १८१८ च्या मंदसौर तहानंतर महूला छावणी बसली आणि शहरालगत रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं. तिथे हुकूम इंग्रजांचा. म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत दोन सत्ता.

आज ज्या कायद्यावर इंदूरचे बार चालतात तो होळकरांचा नाहीच. तो १९१५ चा, मध्य प्रांताचा, म्हणजे ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती त्याचा. १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, नागपूर महाराष्ट्राच्या वाटेने गेलं आणि कायदा मात्र इकडे राहिला. आबकारी आयुक्तांची कचेरी पुन्हा तिसरीकडेच, ग्वाल्हेरला मोतीमहालात. १९४८ ते १९५६ या मध्य भारताच्या काळात राजधानी ग्वाल्हेर-इंदूर अशी आलटून पालटून होती. ती भोपाळला गेली तेव्हा ग्वाल्हेरच्या पदरात काही मोठी खाती पडली, त्यातलं हे एक. तेव्हा विजय नगरातल्या पबची फाईल भोपाळचं धोरण, ग्वाल्हेरचं खातं आणि इंदूरचे कलेक्टर एवढ्यांशी बांधलेली असते. निगम त्या वाटेवर नाही.

परवान्यांची भाषा ‘एफएल’ची, म्हणजे ‘फॉरेन लिकर’ची. १९९६ च्या विदेशी मदिरा नियमांत रेस्टॉरंटचा बार एफएल-२, हॉटेलचा एफएल-३, क्लबचा एफएल-४. एका दिवसाच्या पार्टीसाठी एफएल-५, ज्याची आठवण लोकांना ३१ डिसेंबर जवळ आला की होते. नेहमीच्या बारची वेळ राज्याच्या धोरणात ठरते. साडेअकरापर्यंत दारू द्यायची, बारापर्यंत पिऊन उठायचं. भांडण होतं ते या अर्ध्या तासाचं. मालक म्हणतो गिऱ्हाईक शेवटचा पेग संपवतंय, वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात डीजे साडेबारालाही वाजतोय. दोघंही खरं बोलत असतात, कारण दारूची वेळ आबकारीची आणि आवाज पोलिसांचा.

आता ज्या निर्णयाने सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जिल्हा प्रशासनाने निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या बीआरटीएस (बससाठी वेगळी मार्गिका) पट्ट्यात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरपर्यंत, दुकानं, खाणावळी आणि कार्यालयं चोवीस तास उघडी ठेवायला मोकळीक दिली. आयटी कंपन्या रात्रपाळीत चालतात, पोरांना रात्री दोनला जेवायला मिळावं, असा विचार. दारूची दुकानं, बार आणि पब यातून स्पष्टपणे वगळले होते. बारची वेळ एका मिनिटाने वाढली नाही.

पण नाव पडलं ‘नाइट कल्चर’. या दोन शब्दांनी घोळ केला. ‘कल्चर’ म्हटल्यावर कुणाला पोहे-जलेबी आठवत नाही, पब आठवतो. बारा वाजता पबमधून बाहेर पडलेले लोक आता घरी न जाता समोरच्या उघड्या टपरीवर जमू लागले. मारामारीचे, झिंगलेल्या पोरापोरींचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले. ते काही खोटे नव्हते. पण त्यातली दारू बहुतेक वेळा बाराच्या आधी विकलेली, किंवा गाडीच्या डिकीतली. चोवीस तासांच्या हुकमाने ती विकली नव्हती, पिणाऱ्यांना उभं राहायला उजेडाची जागा तेवढी दिली होती. ही जागा देणं चूक होतं असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं. मात्र ‘रात्रभर बार उघडे ठेवले’ ही जी ओळ आजही चौकाचौकात ऐकू येते, तिला आधार नाही.

२०२४ च्या जुलैत हुकूम मागे घेतला गेला. तोटा झाला तो मॅगी, चहा आणि पोहेवाल्यांचा. बार आधीही साडेअकरा-बारा होते, नंतरही तेच. आणि राजवाड्यामागे सराफ्यात सोन्याची दुकानं मिटल्यावर मांडलेली भुट्ट्याची कीस, गराडू, जोशींचा दहीवडा रात्री उशिरापर्यंत चालूच राहिले. रात्री जागायची सवय या शहराला त्या हुकमाने लावलेली नव्हती.

त्याच २०२२ च्या नोव्हेंबरात राज्याने पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम लागू केले. ८९ आदिवासी विकासखंडांत (तालुक्यासारख्या गटांत) ग्रामसभेच्या संमतीशिवाय नवं दारूचं दुकान उघडता येत नाही. म्हणजे धार-झाबुआकडच्या एखाद्या पाड्याला ‘नको’ म्हणता येतं आणि इंदूरच्या निगमाला येत नाही. पुण्याकडचे पाहुणे विचारतात, तुमच्याकडे दारूबंदीसाठी उभी बाटली-आडवी बाटली नाही का? शहरात तसं मतदान नाही.

मधल्या काळात धोरण दोन दिशांना ओढलं गेलं. २०२२-२३ मध्ये विदेशी दारू स्वस्त करायचं ठरलं, वर्षाला एक कोटीच्या वर उत्पन्न असलेल्याला पन्नास हजार भरून घरी बार ठेवायची सोय झाली. एकाच वर्षात वारं फिरलं. १ एप्रिल २०२३ पासून अहाते आणि शॉप-बार बंद, शाळा-देवळांपासूनचं अंतर पन्नासवरून शंभर मीटर. अहाता म्हणजे दुकानाला लागून बसून प्यायची जागा, गरिबाचा बार. तो मिटला तेव्हा पिणारे मिटले नाहीत, रस्त्याच्या कडेला आणि गाड्यांत गेले. रात्रीच्या तक्रारींचा एक धागा तिथून निघतो, पण नाइट कल्चरच्या वादात तो कुणी ओढला नाही.

निगमाची हद्द मात्र अधूनमधून अचानक महत्त्वाची ठरते. महामार्गापासून पाचशे मीटरांत दारू नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश. २०१७ च्या जुलैत खुलासा झाला की शहराच्या हद्दीतल्या परवान्यांना तो आड येत नाही. इंदूरची हद्द २०१४ मध्येच २९ गावं पोटात घेऊन वाढली होती, म्हणजे ती गावंही ‘शहराच्या हद्दीत’ होती. १ एप्रिल २०२५ पासून १९ धार्मिक ठिकाणी दारूबंदी झाली, तीही हद्दीनेच. त्यात उज्जैन आहे, ओंकारेश्वर आहे, अहिल्यादेवींचं महेश्वरही आहे. देवींच्या नावाने ओळखलं जाणारं इंदूर नाही.

त्याच धोरणात दहा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या बीअर-वाइनसाठी वेगळ्या, हलक्या बारची तरतूद आली. आणि ज्या पट्ट्यावरून एवढं रामायण झालं तो बीआरटीएस हटवायला २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने परवानगी दिली. रेलिंगं निघू लागली, बारची वेळ साडेअकरा-बाराच राहिली. हरकतीचा अर्ज आजही निगमात नव्हे, कलेक्टर कचेरीत, सहायक आबकारी आयुक्तांच्या टपालात टाकावा लागतो.