वणवा शहरात शिरल्यानंतर: पाणी, हवा आणि माती

ऑक्टोबर 2017 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील टब्स वणवा सँटा रोझा शहरात शिरला आणि फाउंटनग्रोव्ह या टेकडीवरच्या भागातील घरे त्याने जाळून टाकली. आग विझून काही आठवडे झाल्यावर त्या भागातील एका रहिवाशाने नळाच्या पाण्याला वास येत असल्याची तक्रार केली. तपासणीत पाण्यात बेंझीन हे विषारी रसायन सापडले. पुढच्या महिन्यांत तपासलेल्या नमुन्यांपैकी सर्वांत वाईट नमुन्यात त्याचे प्रमाण लिटरमागे 40,000 मायक्रोग्रॅम भरले. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बेंझीन चालत नाही, आणि कॅलिफोर्निया राज्याची मर्यादा तर 1 मायक्रोग्रॅम आहे. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे पूर्वीच सिद्ध झालेले आहे. पाण्याचा उगम स्वच्छ असताना हे विष नळात आले कोठून, याचा उलगडा तेव्हा कोणाकडेच तयार नव्हता.

सुमारे वर्षभराने, नोव्हेंबर 2018 मध्ये, कॅम्प वणव्याने कॅलिफोर्नियातीलच पॅराडाइज हे गाव बेचिराख केले. 85 माणसे दगावली, आणि तेथील पाण्यातही लिटरमागे 2,200 मायक्रोग्रॅमपर्यंत बेंझीन आढळले. या दोन घटनांनंतर पर्ड्यू विद्यापीठातील अभियंते अँड्र्यू व्हेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला. एखादे संशोधन होरपळलेल्या लोकांच्या थेट कामी कसे येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या नेहमी दाबाखाली असतात. त्यामुळे वाहिनी कुठे फुटली तरी पाणी बाहेर पडते, बाहेरचे काही आत शिरत नाही. वणव्यात मात्र शेकडो घरे एकाच रात्री जळतात, प्रत्येक जळालेल्या घराची नळजोडणी तुटून मोकाट वाहू लागते, त्याच वेळी अग्निशमन दल रस्त्यावरच्या हायड्रंटमधून (आग विझवण्यासाठीच्या मोठ्या नळांतून) पाणी उपसत असते आणि वीज गेल्यामुळे पंप बंद पडलेले असतात. दाब नाहीसा झाला, की धूर, राख आणि विषारी वायू त्या तुटक्या तोंडांतून वाहिनीत ओढले जातात. दुसरा मार्ग खुद्द वाहिन्यांचाच आहे. पर्ड्यूच्या प्रयोगशाळेत पाणीपुरवठ्याच्या वापरातले प्लास्टिकचे वेगवेगळे पाइप तापवून पाहिले, तेव्हा त्यांतील बहुतेकांमध्ये बेंझीन तयार झाले आणि नंतर ते पाण्यात उतरले. म्हणजे पाइप पेट घेण्याची गरज नाही. जमिनीलगतचा किंवा मीटरच्या खोक्यातला पाइप नुसता तापला तरी पुरते.

यातली सर्वांत अडचणीची गोष्ट अशी, की प्लास्टिक हे बेंझीन शोषून घेते आणि पुढे बराच काळ हळूहळू सोडत राहते. वाहिनी धुऊन काढून लगेच घेतलेला नमुना शुद्ध येतो, पण तेच पाणी दोन-तीन दिवस पाइपात साचून राहिले की त्यात पुन्हा बेंझीन सापडते. म्हणूनच पाणी 72 तास साचू देऊन मगच नमुना घ्यावा, असा आग्रह व्हेल्टन यांच्या गटाने धरला. पॅराडाइजमधील रहिवाशांना निरनिराळ्या यंत्रणांकडून निरनिराळे सल्ले मिळत होते. आपत्तीनंतर सर्रास दिला जाणारा ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला येथे उपयोगाचा नाही, उलट घातक आहे, कारण उकळल्यावर बेंझीन वाफेबरोबर घरातल्या हवेत मिसळते.

या प्रश्नाची दुसरी बाजू 30 डिसेंबर 2021 रोजी कोलोरॅडोत दिसली. बोल्डर काउंटीतील मार्शल वणवा ताशी 160 किलोमीटरहून वेगवान वाऱ्यावर स्वार होऊन लुईव्हिल आणि सुपीरियर या गावांवर आला आणि काही तासांत त्याने 1,084 घरे गिळली. लुईव्हिलच्या जलशुद्धीकरण केंद्रातील पाणी हायड्रंटना पुरेनासे झाले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी एक धाडसी निर्णय घेतला: शुद्ध न केलेले कच्चे पाणीच त्यांनी वाहिन्यांत सोडले. जंतूंचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला, कारण जंतूंवर क्लोरीनचा इलाज आहे, पण दाब एकदा गेला की आग विझवता येत नाही आणि वाहिन्यांत शिरलेली रसायने काढायला महिने लागू शकतात. त्या रात्री कर्मचारी जळणाऱ्या वस्तीत फिरून वाहत्या नळजोडण्या हाताने बंद करत होते. व्हेल्टन यांचा गट काही दिवसांतच मदतीला पोहोचला. कोणता भाग तोडून वेगळा ठेवायचा, कोठे आणि कशासाठी नमुने घ्यायचे, हे त्यांनी स्थानिक अभियंत्यांबरोबर बसून ठरवले. सर्व अनुभवाचा लेखी अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात कर्मचाऱ्यांचे हे निर्णयही नोंदवले गेले. मला त्याचे विशेष महत्त्व वाटते. पुढच्या गावाच्या अभियंत्याला मध्यरात्री लागणारे ज्ञान नेमके हेच असते.

ज्यांची घरे जळाली नाहीत ते लोक सुदैवी ठरले, असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात मार्शल वणव्यानंतर अशा शाबूत घरांत परतलेल्यांना खिडक्यांच्या फटींतून आत आलेली राख सापडली आणि उग्र वास आला. जळालेल्या घराबरोबर त्यातले फर्निचर, गालिचे, रंग, तारा, संगणक आणि गॅरेजमधील मोटारही जळते, त्यामुळे हा धूर जंगलातल्या लाकडाच्या धुरासारखा नसतो. ‘आत राहणे सुरक्षित आहे का?’ असे रहिवासी विचारू लागले. योगायोगाने कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेत हवेच्या रसायनशास्त्राचे तज्ज्ञ मोठ्या संख्येने आहेत, आणि वणवा त्यांच्याच शेजारी लागला होता. योस्ट डी गाऊ यांच्या गटाने आगीनंतर दहाव्या दिवशी सुपीरियरमधील एका शाबूत घरात आपले संवेदनशील उपकरण नेऊन ठेवले आणि सुमारे पाच आठवडे तेथील हवेतील वायू सलग मोजले.

त्या घरात बेंझीनसह अनेक वायूंचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. खिडक्या उघडल्या की ते झपाट्याने उतरे आणि बंद केल्या की पुन्हा वर चढे. आग लागली तेव्हा भिंती, गादी आणि पडदे यांनी वायू शोषून घेतले होते आणि आता ते परत सोडत होते; कपाटातल्या डांबरगोळ्या संपल्यानंतरही लाकडाला त्यांचा वास महिनोन्महिने राहतो, तसाच हा प्रकार. सक्रिय कोळशाची गाळणी असलेले हवाशुद्धीकरण यंत्र लावले की प्रमाण कमी होई, मात्र यंत्र सुरू असेपर्यंतच. पाच आठवड्यांच्या अखेरीस आतली हवा जवळजवळ बाहेरच्या पातळीवर आली. राखेतील धुळीचे तसे नाही. तिच्यात जड धातू आणि ज्वलनातून बनणारी कर्करोगकारक संयुगे असतात आणि ती आपण होऊन उडून जात नाहीत, पुसूनच काढावी लागतात.

याच विद्यापीठातील कॉलीन रीड यांनी घर शाबूत राहिलेल्या 642 रहिवाशांच्या प्रकृतीची विचारपूस केली. आगीनंतर सहा महिन्यांनी त्यांपैकी 55 टक्के लोकांनी आगीशी जोडता येईल असा किमान एक त्रास नोंदवला. वर्षाने हे प्रमाण 33 टक्क्यांवर आले. डोकेदुखी सर्वांत जास्त होती. ज्यांच्या घरात राख आली होती किंवा ज्यांच्या आसपास जळालेली घरे जास्त होती, त्यांना त्रास अधिक झाला. ही माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली आहे, त्यामुळे प्रत्येक डोकेदुखीचे कारण धूरच होता असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तरीही राखेशी असलेला संबंध दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

या सर्वेक्षणामागची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या आपत्तीनंतर संशोधकांचे गटच्या गट त्या ठिकाणी येतात, आणि विमा कंपनीचे अर्ज व सरकारी अर्ज भरून थकलेल्या माणसाला दहा विद्यापीठांच्या प्रश्नावल्या येतात. बोल्डरमध्ये आपत्तींच्या सामाजिक अभ्यासासाठी 1976 मध्ये स्थापन झालेले केंद्र आहे, त्यामुळे हा धोका तेथे आधीच ओळखला गेला होता. अनेक विद्यापीठांच्या संशोधकांनी एकत्र येऊन एकच संयुक्त प्रश्नावली तयार केली, ठरावीक अंतराने त्याच कुटुंबांकडे पाठवली आणि निष्कर्ष रहिवाशांना परत कळवले. दुःखात असलेल्या माणसाचा वेळ मौल्यवान असतो, याची ही जाणीव मला कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन हे दोन वणवे लागले आणि त्यांत 16 हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या, तेव्हा हा सारा अनुभव हाताशी होता. वाहिन्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत पाणी पिऊ नये, अशा सूचना तेथे तत्काळ निघाल्या. नवा प्रश्न शिशाचा होता. ईटन वणव्यात जळालेल्या अल्टाडेनातील बरीच घरे शिसेयुक्त रंगावर 1978 मध्ये बंदी येण्यापूर्वीची होती. हवेतील कणांचे घटक तासातासाला मोजणाऱ्या विद्यापीठांच्या एका जाळ्याचे केंद्र पिको रिव्हेरा येथे, वणव्याच्या दक्षिणेला सुमारे 22 किलोमीटरवर आहे. तेथे हवेतील शिसे काही काळ नेहमीच्या सुमारे 100 पट झाल्याचे दिसले. नेहमीच्या हवा-निर्देशांकात शिशाचा हिशेब नसतो, त्यामुळे हे जाळे नसते तर ही वाढ कोणाला कळलीही नसती.

हवेतले शिसे काही दिवसांत खाली बसले, म्हणजेच अंगणात आणि घरात आले. कॅलिफोर्नियातील पूर्वीच्या मोठ्या वणव्यांनंतर सरकारी पथके ढिगारा आणि मातीचा वरचा थर उचलून झाल्यावर उरलेल्या मातीची तपासणी करत असत. या वेळी केंद्रीय यंत्रणांनी सुमारे 15 सेंटीमीटर माती काढली, मात्र ती तपासणी केली नाही. हा निर्णय मला चुकीचा वाटतो; लहान मूल ज्या मातीत खेळणार आहे तिच्याविषयी अंदाजावर विसंबून राहता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने रहिवाशांसाठी शिशाची मोफत तपासणी सुरू केली: अंगणातली वरवरची थोडी माती पिशवीत भरून द्यायची आणि किलोमागे किती मिलिग्रॅम शिसे आहे ते कळवले जाते. निवासी जमिनीसाठी कॅलिफोर्नियाची सावधगिरीची पातळी 80 मिलिग्रॅम आहे. आकडा त्याहून जास्त आला तरी सगळे शिसे वणव्याचेच असते असे नाही. जुना रंग आणि पूर्वीचे शिसेयुक्त पेट्रोल यांचा वाटाही त्यात असतो. मुलाच्या दृष्टीने मात्र दोन्हींत काही फरक नाही.

परतणे कोणाला परवडते, हाही संशोधनाचाच विषय आहे. मार्शल वणव्याच्या विमा पॉलिसींच्या अभ्यासात 74 टक्के घरमालकांचा विमा घर पुन्हा बांधण्याच्या खर्चापेक्षा कमी रकमेचा असल्याचे आढळले, आणि ज्यांचा विमा फारच अपुरा होता ते बांधकामाच्या परवान्यापर्यंतही कमी प्रमाणात पोहोचले. अल्टाडेनाविषयी लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आग ताजी असतानाच नकाशे पडताळून पाहिले: कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरांपैकी 48 टक्के नष्ट झाली होती किंवा त्यांचे मोठे नुकसान झाले होते, तर इतरांमध्ये हे प्रमाण 37 टक्के होते. घर विकत घेताना एकेकाळी वर्णभेदामुळे इतरत्र दारे बंद असलेल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही मालमत्ता होती.

आरोग्यावरचे परिणाम कळायला वेळ लागेल. हार्वर्ड, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा आणि इतर संस्थांनी मिळून लॉस एंजेलिससाठी दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला आहे, तर 2023 मध्ये वणव्यात जळालेल्या, हवाई बेटांवरील लाहायना शहरातील सुमारे 2,000 लोकांच्या प्रकृतीचा मागोवा हवाई विद्यापीठ घेत आहे. दरम्यान अल्टाडेनातील रहिवाशांनी ‘ईटन फायर रेसिडेंट्स युनायटेड’ ही संघटना स्थापन करून आपापल्या घरांचे प्रयोगशाळेतील अहवाल एकत्र केले आणि त्यांचा नकाशा मांडला. बहुतेक घरांत शिसे सापडले. विमा कंपन्यांशी वाटाघाटी करताना रहिवासी आता हा नकाशा पुढे ठेवतात, आणि घर कशाने व किती वेळा साफ केल्यावर ते राहण्याजोगे मानायचे, यावरचा त्यांचा वाद अजून चालू आहे.