एक लिटर जळकं ऑइल, दहा गुंठे पाणी

पावसाळ्यात भाताच्या बांधावर उभं राहिलं की साचलेल्या पाण्यावर कुठे कुठे रंगीत तवंग चमकताना दिसतो. प्रत्येक तवंग तेलाचाच असतो असं नाही. आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या लाल मातीत लोह भरपूर आहे. साचलेल्या पाण्यात लोहावर जगणारे जिवाणू वाढतात आणि त्यांचा पातळ पापुद्राही असाच चमकतो. ओळखायचं कसं? एक काडी घ्या आणि तवंगात फिरवा. पापुद्रा तडकून त्याचे तुकडे सुटे झाले आणि सुटेच राहिले, तर तो जिवाणूंचा, निर्धास्त असा. पण काडी उचलताच रंग पुन्हा एकमेकांत मिसळले, तर ते तेल आहे. वरच्या अंगाला कुणीतरी ते सांडलेलं आहे.

किती सांडलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. तवंगावर इंद्रधनुष्याचे रंग दिसतात तेव्हा त्याची जाडी साधारण 0.3 ते 5 मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडी एक मायक्रॉन धरली तर एका लिटरचा तवंग हजार चौरस मीटर पसरतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. मोटारसायकलच्या एका ऑइल बदलात सुमारे एक लिटर जळकं ऑइल निघतं, कारमधून तीन-चार लिटर. एका कारचं ऑइल एक एकर पाणी झाकू शकतं. वीस-तीस गुंठ्यांवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावरून हा हिशेब करून बघा.

इंजिनातून निघालेलं ऑइल नव्या ऑइलपेक्षा जास्त घातक असतं. त्यात झिजलेल्या भागांचे धातूंचे कण येतात आणि अर्धवट जळालेल्या इंधनातून तयार झालेली, कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायनंही येतात. पाण्यावर त्याचा थर बसला की हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळायला अडथळा होतो. तेल खाणारे जिवाणू निसर्गात आहेत आणि ते कामाला लागतातही, पण त्यांना त्यासाठी प्राणवायू लागतो. पाण्यात जो थोडा उरलेला असतो, तोच ते वापरून टाकतात. शिवाय तेल भाताच्या चिखलात मुरलं, तर तिथे बोटभर खाली प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्याचं विघटन फारच रेंगाळतं. आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने तेल पचवणारा जिवाणू प्रयोगशाळेत घडवला होता आणि 1980 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटला मान्यता दिली. जिवंत सूक्ष्मजीवाच्या पेटंटबाबतचा तो ऐतिहासिक निकाल. पण प्राणवायू नसलेल्या चिखलात असे जिवाणू सोडले तरी ते काय करणार?

हे ऑइल जातं कुठे? गॅरेजमध्ये विचारलं तर मिस्त्री सरळ सांगतो, "सेंट्रिंगवाले नेतात की. उरलं तर गटारीत डास मारायला." दोन्ही गोष्टी आपल्याकडे सर्रास चालतात. सेंट्रिंगच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून जळकं ऑइल फासतात आणि पहिल्या पावसात त्यातलं बरंच धुऊन जातं. गटारीतल्या ऑइलने डासांच्या अळ्या मरतात हे खरं आहे, कारण त्यांना पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन श्वास घ्यावा लागतो. पण पृष्ठभागावर येणारे पाणकिडेही त्याच कारणाने गुदमरतात, आणि अळ्या खाणारे किडे त्यांच्यातच असतात. गटारीतलं पाणी पुढे नाल्याला मिळतं. बेळगाव शहरातून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर-वडगावच्या भातशेतीत पाणी घुसतं, हे इथल्या शेतकऱ्याला दरवर्षी सोसावं लागतं. त्या पाण्यात शहराने जे जे सोडलं ते सगळं असतं.

तेलगळती म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल समुद्रात गेलं. रायगडच्या खारफुटीवर काळा थर चढला आणि मासे कुणी घेईना म्हणून कोळी हवालदिल झाले. त्याच वर्षी 20 एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला, 11 कामगार गेले आणि विहीर 87 दिवस वाहत राहिली. सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे 49 लाख बॅरल तेल विहिरीतून बाहेर पडलं. सफाई, दंड आणि भरपाई मिळून 'बीपी' कंपनीला 65 अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला. तेलव्यापारात एक बॅरल म्हणजे 159 लिटर. भागाकार केला तर लिटरमागे 80 डॉलरच्या वर रक्कम येते. सांडलेल्या तेलाची किंमत अशी आकड्यात मांडली जाणं दुर्मीळ आहे. तिथे ती मांडली गेली, कारण सांडणारा एकच होता आणि सगळ्यांना माहीत होता. आपल्या नाल्यात सांडणारे हजारो आहेत, म्हणून ते बिल भातवाल्याच्या माथी बसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2022 च्या अहवालातही हेच निघालं. उत्तर अमेरिकेच्या समुद्रात तेल येण्याचा सगळ्यात मोठा मार्ग अपघातग्रस्त जहाजांचा नसून रस्ते, गटारं आणि नद्यांतून वाहत येणाऱ्या पाण्याचा आहे.

आपली भूगोलातली जागाही विचार करण्यासारखी आहे. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्रात जाते. एकाच जिल्ह्यातलं तेल दोन समुद्रांकडे निघतं.

ऑइलसारखाच गाडीतल्या पेट्रोलचाही हिशेब करून बघू. आधी दराकडे. सीमाभागात दोन राज्यांचे कर वेगळे, म्हणून दोन बाजूंच्या पंपांवरचे आकडेही वेगळे, आणि स्वस्त बाजूला जाऊन टाकी भरायची सवय जुनी. समजा लिटरमागे दोन रुपये वाचतात आणि पंप दहा किलोमीटरवर आहे. मोटारसायकलमध्ये पाच लिटर भरले तर दहा रुपये वाचले. पण जाऊन-येऊन वीस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर, म्हणजे चाळीस-पन्नास रुपये जळाले. त्या वाटेने जाणारच असलेल्या ट्रकला हा व्यवहार परवडतो, मुद्दाम जाणाऱ्याला कधीच नाही. वर एक लिटर पेट्रोल जळून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. पेट्रोलचं वजन पाऊण किलो असताना इतका कसा? कारण त्यातला कार्बन हवेतला प्राणवायू जोडून घेतो.

त्या लिटरमधली ऊर्जा विजेच्या साधारण नऊ युनिटांएवढी असते. पेट्रोल गाडीत त्यातली जेमतेम दोन-अडीच चाकापर्यंत पोचते, बाकी धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाडीत ती दोन-अडीचही चाकाला मिळत नाहीत. कार अशी तासभर चालू राहिली तर अर्धा ते एक लिटर जातं. पुन्हा चालू करायला जास्त पेट्रोल लागतं ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या कारला दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणंच स्वस्त पडतं.

गॅरेजच्या कोपऱ्यातलं 200 लिटरचं बॅरल मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. वरच्याच हिशेबाने त्यात पन्नास एकरांचा तवंग भरलेला असतो. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचरा आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. ते तिथे गेलं तर वाया जात नाही, कारण इंजिनात ऑइलचं मूळ द्रव्य फारसं संपत नाही. ते मळतं आणि त्यात मिसळलेली पूरक रसायनं खर्ची पडतात. गाळून, पुन्हा ऊर्ध्वपातन करून त्यापासून परत वंगण बनवता येतं. उद्यमबागपासून निपाणीपर्यंतच्या छोट्या गॅरेजांतून ठरलेल्या दिवशी बॅरल उचलणारी गाडी फिरावी, ही मागणी महानगरपालिकेकडे आणि नगरपालिकांकडे आपणच लावून धरायला हवी. आणि पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रीला विचारायला हवं की निघालेलं ऑइल तो कुणाला देतो.