जुनी जखम उसळली, की धोका खरा आहे?

युद्धातून जीव वाचवून दुसऱ्या देशात स्थिरावलेला माणूस. तिथेही हल्ला झाला की तो पडदे ओढून घेतो, मुलांना शाळेत पाठवत नाही, रात्र जागून काढतो. 'जुनं सगळं वर आलं बिचाऱ्याचं,' असं म्हणून भोवतालचे मोकळे होतात. कधी ते खरं असतं. पण कधी त्याला आजचा धोका इतरांआधी कळलेला असतो. वरवर पाहता दोन्हींत फरक दिसत नाही.

जुनी जखम उसळणं म्हणजे काय ते १९९१च्या आखाती युद्धात दिसलं. इराकची स्कड क्षेपणास्त्रं इस्राएलवर पडत होती आणि लोक गॅस मास्क लावून खिडक्या-दारं चिकटपट्टीनं बंद केलेल्या खोलीत बसत होते. धोका सगळ्यांना सारखाच होता. तरी नाझी छळातून वाचलेले वृद्ध त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त हादरलेले आढळले. विषारी वायूची भीती त्यांच्यासाठी ऐकीव नव्हती. अशा वेळी स्वप्नं आजची नसतात, तेव्हाची असतात. 'आता काही होणार नाही' हे पटतं, पण अंगाची थरथर थांबत नाही.

आता दुसरी बाजू. १५ मार्च २०१९ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींवर गोळीबार झाला, ५१ जण गेले. त्यांत युद्धग्रस्त देशांतून आलेले निर्वासितही होते. त्यानंतर कुणी शुक्रवारच्या नमाजाला जायला कचरला, तर त्याला आजार कसं म्हणायचं? त्यावर उपाय होता मशिदीबाहेर सशस्त्र पोलीस, आणि महिन्याभरात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर आलेली बंदी. लिनवूडच्या मशिदीत तर मूळच्या अफगाण माणसानं हाताला लागलेलं कार्ड मशीन घेऊन हल्लेखोरावरच धाव घेतली. (ही प्रतिक्रिया कुठल्या खान्यात बसवायची?)

पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात असतात. ११ सप्टेंबर २००१नंतर अमेरिकेत ओरेगनमधल्या डॉक्टरांनी आपल्या निर्वासित रुग्णांची पाहणी केली. आधीपासून पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेल्या बोस्नियन आणि सोमाली रुग्णांवर सर्वांत जास्त परिणाम झाला होता, आणि आपण सुरक्षित आहोत ही भावना सोमालींची सर्वाधिक ढासळली होती. जुना आघात होताच. पण तेव्हा अमेरिकेत मुसलमानांवरचे हल्लेही वाढले होते, आणि हे रुग्ण बहुतांशी मुसलमान. सगळं खापर जुन्या युद्धावर फोडून कसं चालेल?

म्हणून आधी विचारावं, भीती नेमकी कशाची? अमुक बसस्टॉप, तमुक वेळ, तिथं शिवीगाळ करणारी टोळकी असं उत्तर आलं, तर गोळ्या लिहून देण्याआधी तो रस्ता सुरक्षित करायला हवा. रस्ता सुरक्षित झाल्यावरही दार वाजताच अंगाला घाम फुटत असेल, तर आघातावरचे उपचार हवेत. घाई मात्र नको. नव्या घटनेमुळे पीटीएसडी झाला असं म्हणायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात. पहिल्या आठवड्यातली झोपमोड त्यात धरत नाहीत.