वॉश की ॲक्वाटिंट? नक्कल करण्याआधी भिंग घ्या

जुनी चित्रं उतरवत शाईचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या शाईने कुंचल्यानं छटा देणं, शिकणं हा फार चांगला रस्ता आहे. फक्त समोरचं चित्र खरोखर वॉशचं आहे ना, हे आधी बघा. गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या ‘काप्रिचोस’ या चित्रसंचातलं ३२ वं चित्र मी आठवडाभर उतरवत होतो. तुरुंगात बसलेली बाई, एकही रेघ नाही, नुसत्या काळ्या-करड्या छटा. कुंचल्याचंच काम असणार, असं मी धरून चाललो. पण त्याच्यासारखा सपाट काळोख मला काही साधेना. वॉश वाळला की दर वेळी काठाला गडद किनार धरायची. मग कळलं, की १७९९ साली आलेल्या त्या ८० चित्रांच्या संचातलं ते पान निव्वळ ॲक्वाटिंट आहे. कागदावर कुंचला टेकलेलाच नाही, तो पत्र्यावरून काढलेला छाप आहे.

ॲक्वाटिंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवतात आणि पत्रा खालून तापवून ती चिकटवतात. मग पत्रा आम्लात. कणांच्या मधला तांब्याचा भाग कुरतडला जातो आणि छापताना शाई तिथेच धरून राहते. पांढरा भाग आधीच वार्निशने झाकलेला असतो. थोडं कुरतडून झालं की फिकी छटा झाकायची, पत्रा पुन्हा आम्लात, मग मधली छटा झाकायची. म्हणून तिथली छटा पायरीपायरीने उतरते आणि प्रत्येक पायरी आतून सपाट असते. जाँ-बाप्तिस्त ल प्रँस या फ्रेंच चित्रकाराने १७६०च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र बसवलं, तेच मुळी वॉशसारखे छाप मिळावेत म्हणून. तेव्हा आपली फसगत होते यात नवल नाही.

वॉशमध्ये सगळा कारभार पाण्याचा. छटा एकाच ओघात गडदकडून फिकीकडे सरकते, थेंब साचून वाळला तिथे किनार राहते, एका थरावर दुसरा चढला तर जोड दिसतो. भिंगातून पाहिलं तर शाई कागदात मुरलेली दिसते. ॲक्वाटिंटमध्ये पांढऱ्या ठिपक्यांभोवती काळं, तडकल्यासारखं जाळं दिसतं. मूळ छाप हातात असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबही बोटाला लागतो. मोबाइलवरच्या छोट्या प्रतिमेत हे जाळं पुसलं जातं, त्यामुळे संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमाच उघडा.

ॲक्वाटिंट उतरवूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. छटांचा हिशेब शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. कोरा कागद कुठे राखायचा, हे आधी ठरवा. तीन वाट्यांत फिकी, मधली, गडद अशी शाई कालवा आणि चौथी छटा करायची नाही, असं स्वतःला बजावा. चित्र उभं राहतं की नाही, ते लगेच कळतं. पण हात तयार व्हायचा तर खरा वॉशच उतरवायला हवा. कागद लावलेला फळा थोडा तिरका ठेवा, शाईचा फुगीर थेंब कडेला राखत खाली आणा आणि शेवटी निथळलेल्या कुंचल्याने तो टिपून घ्या. माझी ती किनार इथेच सुटली. गोयाच्याच ‘अल्बम बी’ या चित्रवहीतली शाईच्या वॉशची चित्रं यासाठी घ्या. त्यातल्या काही कल्पना पुढे ‘काप्रिचोस’मध्ये गेल्या, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

अशी जोडी आपल्या वेरूळचीही आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या पुण्यात काम करत होता. त्याने केलेल्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये २४ छाप काढले, ते ॲक्वाटिंटचे. त्याच लेण्यांची चित्रं पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काढली, आणि त्यांत शाईचा वॉश आहे. त्यांची चित्रं आज अमेरिकेत, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. आधी डॅनियलचं एक पान तीन वाट्यांत उतरवा, मग गंगारामांचं घ्या. पाणी वाढवून ठेवा, दुसऱ्या पानाला जास्त लागतं.