किनाबातांगनचा काठ: जंगलातल्या स्वस्त मुक्कामामागची गोष्ट

बोर्निओहून परतलेल्या माणसाला "काय काय दिसलं?" असं विचारलं की यादी बहुधा एकाच नदीवरची, किनाबातांगनवरची निघते. ओरांगउटान, लांबनाक्या माकड, चार-पाच जातींचे धनेश, मगर आणि नशीब जोरावर असेल तर हत्तींचा कळप. तेही दोन रात्रींत, बोटीत बसल्या बसल्या, खिशाला फार चाट न लावता. हीच मंडळी त्याच बेटावरच्या डानुम खोऱ्यात गेलेली असतील तर सूर बदलतो. जंगल अफाट होतं, पण जळवाच जास्त भेटल्या, असं काहीतरी ऐकायला मिळतं.

डानुम म्हणजे ४३८ चौरस किलोमीटरचं, कुऱ्हाड जवळजवळ न लागलेलं वर्षावन. किनाबातांगनचा काठ त्याच्या नेमका उलटा: तोडलेला, जळालेला, पुन्हा वाढलेला आणि ठिकठिकाणी नदीकडेच्या अरुंद पट्टीएवढाच उरलेला. मग प्राणी इथेच का दिसतात? कारण त्यांना मागे सरकायला जागा उरलेली नाही. या नदीवरच्या स्वस्त मुक्कामांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, माहितीपत्रकात ती सापडली नाही तरी.

किनाबातांगन ही मलेशियाच्या साबा राज्यातली सर्वात लांब नदी. सुमारे ५६० किलोमीटर वाहून ती पूर्वेला सुलू समुद्राला मिळते. काठावरची माणसं स्वतःला 'ओरांग सुंगाई' म्हणवतात. ओरांग म्हणजे माणूस, सुंगाई म्हणजे नदी. ओरांगउटान म्हणजे रानातला माणूस. एकाच शब्दाने जोडलेले हे दोन शेजारी.

पर्यटक येण्याच्या कितीतरी आधी या नदीवर व्यापारी येत होते, ते पाकोळ्यांच्या घरट्यांसाठी. सुकाउ गावाजवळच्या गोमांतोंग गुहांमध्ये (नावावरून गोमंतकाची आठवण आली तरी संबंध काही नाही) पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात आणि चीनमध्ये त्यांचं सूप करतात. वेताच्या शिड्या आणि बांबू लावून गुहेच्या छतापर्यंत चढायचं आणि घरटी काढायची हा उद्योग आजही चालतो, फक्त आता परवान्यावर आणि ठरलेल्या हंगामात. वेत, मेण, हस्तिदंत, धनेशाची चोच असा बाकीचा मालही नदीनेच खाली जायचा.

१८८१ साली सनद मिळालेल्या ब्रिटिश नॉर्थ बोर्निओ कंपनीने या मुलुखाचा कारभार घेतला आणि सांदाकान ही राजधानी झाली. इथलं खरं धन लाकडात आहे हे कंपनीच्या लवकरच लक्षात आलं. १९२० पासून १९५२ पर्यंत लाकूडतोडीचा मक्ता एकाच ब्रिटिश कंपनीकडे होता. मक्ता संपला, इतर ठेकेदार आले, आणि तोवर हाताने होणाऱ्या कामात यांत्रिक करवती आणि ट्रॅक्टर शिरले. पुढची तीसेक वर्षं किनाबातांगनच्या खोऱ्यातले ओंडके सांदाकानमार्गे मुख्यतः जपानला गेले. काठावरच्या गावांमधली तरुण पोरं लाकूडतळांवर कामाला होती. आज तुमची बोट चालवणाऱ्या माणसाचा बाप बहुधा तिथे होता, आणि अमुक झाडावर फळं कधी लागतात हे बोटवाल्याला जे कळतं, त्यातलं बरंच त्याच कामातून आलेलं आहे.

पर्यटनाचा पहिला नमुना मात्र फारच खर्चिक होता. १९३५-३६ मध्ये मार्टिन आणि ओसा जॉन्सन हे अमेरिकन जोडपं नदीच्या मुखाकडच्या अबाईजवळ तळ ठोकून राहिलं. पाण्यावर उतरणारं विमान, कॅमेरे, माणसांचा ताफा, सगळा लवाजमा बरोबर. लांबनाक्या माकडांचं चित्रीकरण करून ते परतले. त्यांच्यामुळे ही नदी पडद्यावर पोचली, पण सामान्य प्रवाशाला ती परवडायला आणखी पन्नास वर्षं जायची होती. मधे महायुद्धात सांदाकान बेचिराख झालं, राजधानी पश्चिम किनाऱ्यावर हलली आणि १९६३ मध्ये साबा मलेशियात सामील झालं.

१९६४ साली सांदाकानपासून जवळच सेपिलोकला ओरांगउटानांचं पुनर्वसन केंद्र उघडलं. तोडीत आई मारली गेलेली किंवा घरात पाळलेली पिल्लं सुमारे ४३ चौरस किलोमीटरच्या राखीव जंगलात हळूहळू परत सोडायची, असं त्याचं स्वरूप. सकाळी दहा आणि दुपारी तीनला फलाटावर फळं ठेवतात, पिल्लं येतात, लोक बघतात. या ठरलेल्या वेळापत्रकामुळे पाठपिशवीवाल्या प्रवाशांना सांदाकानला यायला एक कारण मिळालं. आणि इतक्या लांब आलोच आहोत तर रानातला ओरांगउटानही पाहू, असं त्यांच्यातल्या काहींना वाटू लागलं.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस 'अंकल टॅन' या नावाने चालणाऱ्या तळाने हीच गरज ओळखली. लाकडी मचाणासारख्या झोपड्या, अर्ध्या उघड्या भिंती, जमिनीवर गादी, वर मच्छरदाणी, वीज जेमतेम. चोचले शून्य, पण बोटफेऱ्या भरपूर. १९९५ मध्ये सुकाउला नीटनेटकं, महागडं लॉज आलं आणि त्यामागून इतरही आली. तेव्हापासून एकाच वळणावर, एकाच माकडासमोर, महाग लॉजची बोट आणि स्वस्त तळाची बोट शेजारी शेजारी थांबतात. माकड दोघांनाही सारखंच दिसतं.

हे इतकं स्वस्तात जमण्याचं श्रेय बरंचसं त्या माकडाला आहे. मलय भाषेत त्याचं एक नाव 'मोन्येत बलांदा', म्हणजे डच माकड. मोठं नाक आणि सुटलेलं पोट पाहून दिलेलं, त्यावर वेगळं भाष्य नको. ही माकडं दिवसभर आत पाला खातात आणि संध्याकाळी झोपायला न चुकता नदीकाठच्या झाडांवर येतात, कारण पाण्याच्या बाजूने शत्रूची भीती कमी. त्यामुळे दिवस दिवस माग काढावा लागत नाही. चारनंतर बोट काढायची, काठाकाठाने जायचं, इंजिन बंद करून थांबायचं. वर फांदीवर नर बसलेला असतो, जांभई दिली की नाक बाजूला सरतं. मागे झाडांच्या चार-पाच ओळी, आणि त्यांच्या फटीतून एकसारख्या अंतरावर लावलेले पाम दिसतात.

हा पाम १९८०-९०च्या दशकांत पसरला. लाकूड संपत आलं होतं, कोकोचे भाव पडले होते, आणि तोडीने मोकळी झालेली जमीन तयारच होती. पामचा घड कापला की फळ लगेच आंबू लागतं, तेल बिघडायच्या आत ते गिरणीत पोचवावं लागतं. म्हणून बागेबरोबर गिरण्या आल्या, गिरण्यांबरोबर रस्ते आले. आज साबात सुमारे १५ लाख हेक्टरवर पाम आहे. जगात पामतेल सर्वात जास्त आयात करतो तो आपला देश, तेव्हा बोटीत बसून हळहळताना बॅगेतल्या चिवड्याच्या पाकिटावर 'पामोलिन' लिहिलंय का ते एकदा बघायला हरकत नाही.

काठावरची पट्टी वाचली ती आधी पुरामुळे. पाणी साचून राहिलं की पाम जगत नाही, त्यामुळे सखल भाग नाइलाजाने सोडले गेले. कायदा नंतर आला. १९९८च्या जलसंपदा कायद्याने नदीच्या दोन्ही काठांना २० मीटर राखीव ठरवले आणि २००५ मध्ये सुमारे २६ हजार हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं. अभयारण्य म्हणताना डोळ्यांसमोर सलग जंगल येतं, पण हे दहा तुकड्यांत आहे आणि मधे बागा, गावं, रस्ते आहेत.

गावांच्या वाट्याला या पर्यटनातून काय आलं? सुरुवातीला फार नाही. लॉज बाहेरच्यांचं, गावकऱ्यांना बोट चालवण्याचं किंवा स्वयंपाकाचं काम. मलेशिया सरकारने १९९५ मध्ये पाहांग राज्यातून गावघरांतल्या मुक्कामाची, म्हणजे होमस्टेची योजना सुरू केली होती. किनाबातांगनवर बातू पुते इथल्या गावांनी १९९६-९७ पासून डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था आणि वनखातं यांच्या मदतीने स्वतःचा मार्ग शोधायला घेतला. तेवढ्यात १९९७-९८चा एल निनो आला, पाऊस दडी मारून बसला आणि आजूबाजूचं जंगल पेटलं. त्यामुळे पाहुण्यांची सोय आणि जळालेल्या जागी झाडं लावणं ही दोन्ही कामं इथे एकदमच सुरू झाली. २००० मध्ये 'मिसो वालाई' होमस्टे सुरू झालं आणि २००३ मध्ये 'कोपेल' ही सहकारी संस्था नोंदवली गेली.

सहकाराचं नाव काढलं की मराठी माणसाचे कान टवकारतात, म्हणून जरा तपशील. पाहुणे कोणाच्या घरी उतरणार हे पाळीने ठरतं. बोटवाले, वाटाडे, स्वयंपाक असे गट वेगळे. पाहुण्यांकडून घेतलेल्या पैशातला काही हिस्सा जंगलाच्या कामाला जातो. तुंगोग नावाचं नदीच्या जुन्या वळणाचं तळं साल्विनिया या तरंगत्या तणाने पूर्ण भरलं होतं. गावकऱ्यांनी ते तण हातांनी ओढून काढलं, आणि अजूनही काढावं लागतं, कारण थोडं जरी राहिलं तरी ते पुन्हा पसरतं. पाहुणेही या कामाला लागतात. सुट्टीला येऊन चिखलात उभं राहून तण ओढायचं, वर त्याचे पैसेही द्यायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

प्रवास स्वस्त झाला तो विमानामुळे. २००१ च्या शेवटी एअर एशिया ही डबघाईला आलेली कंपनी एका रिंगिटला (मलेशियाचं चलन) विकली गेली आणि नव्या मालकांनी तिकिटं बसच्या भाड्याच्या जवळ आणून ठेवली. क्वालालंपूरहून सांदाकान पावणेतीन-तीन तासांवर आलं. मधे धक्केही बसले. २००० मध्ये सिपादान बेटावरून २१ जणांचं अपहरण झालं, २०१३ मध्ये लाहाद दातूला सशस्त्र घुसखोरी झाली, आणि प्रत्येक वेळी पूर्व साबातल्या बुकिंगा कोसळल्या. कोविडमध्ये तर दोन वर्षं सीमाच बंद होत्या. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तेव्हा खर्चाच्या हिशोबातली तेवढी एक ओळ कमी झाली.

सुकाउजवळ नदीवर पूल बांधायचा बेत २०१७ मध्ये रद्द झाला. निसर्गपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड ॲटनबरोंपासून स्थानिक संशोधकांपर्यंत अनेकांनी विरोध केला होता, कारण त्यासाठी होणारा रस्ता हत्तींच्या वाटेवरून गेला असता. गावकऱ्यांपैकी काहींना पूल हवा होता, दवाखाना आणि शाळा जवळ आली असती. अशा वेळी नदीकाठी आठवडाभर राहून परतणाऱ्याने ठाम मत देण्याची घाई करू नये.

पूल मात्र इथे आहेत, वेगळे. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी उपनद्यांच्या दोन्ही काठांवरची मोठी झाडं वर एकमेकांना भिडायची, ती तोडीत गेल्यावर पलीकडे जाणं बंद झालं. १९९८ पासून सुकाउला काम करणाऱ्या 'हुतान' संस्थेने आणि पुढे इतरांनीही अशा ठिकाणी दोर बांधले, काही ठिकाणी अग्निशमन दलाच्या जुन्या नळ्यांचे. कित्येक वर्षं ओरांगउटानने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. २०१० मध्ये एक जण त्यावरून जाताना पहिल्यांदा छायाचित्रात टिपला गेला. आता बोटवाले त्या दोराखाली आले की वेग कमी करतात आणि वर बघायला सांगतात. बहुतेक वेळा दोर रिकामाच असतो.